डिंगीची जागा

इंग्रजांनी आपल्याकडून काय काय नेले याचा हिशेब मांडताना लोक कोहिनूरपासून सुरुवात करतात. भाषेकडे वळलेच तर बंगला, लूट, शांपू, पायजमा एवढे शब्द सांगून थांबतात. त्या यादीत 'डिंगी' हा शब्द सहसा कुणी घालत नाही. वास्तविक आपल्या नद्यांतून आणि बंदरांतून माणसे व ओझी वाहणारी जी लहानशी होडी, तिचे हे नाव. कंपनी सरकारच्या अमदानीत गोऱ्या खलाशांनी ते उचलले, आपल्या जहाजावरच्या सर्वांत धाकट्या होडीला लावले, आणि आज जगातल्या कुठल्याही बंदरात ते नाव चालते. आपला डोंगा हा त्याच कुळातला. शब्द परदेशी गेला आणि त्याने नाव काढले; पण ज्या वस्तूचे ते नाव, तिला शिडाच्या बोटीवर हक्काची जागा काही अजून मिळालेली नाही. या जागेच्या शोधाचा इतिहास गमतीचा आहे, आणि मधूनमधून जीवघेणाही.

मुळात बोटीवर आणखी एक होडी कशाला, असे घाटावरचा वाचक विचारील. कोकणातला विचारणार नाही. आगबोटीचे दिवस आता इतिहासजमा झाले. पण बंदराबाहेर खोल पाण्यात बोट उभी राहायची आणि उतारूंना बोचक्या-ट्रंकांसह पडावात उतरावे लागायचे, हे त्याने घरच्या वडीलमाणसांच्या तोंडून ऐकलेले असते. शिडाच्या बोटीची अडचण तीच. शिडांचा जोर तोलून धरण्यासाठी तिच्या तळाला खोल आणि जड कणा असतो, त्यामुळे तिला किनाऱ्याला लागता येत नाही. ती नांगर टाकून दूर उभी राहणार. मग गोडे पाणी आणायचे, भाजी आणायची, डॉक्टर गाठायचा, म्हणजे डिंगी हवी. बंदरात डिंगीवाचून पान हलत नाही. पण बंदर सोडले, की तीच डिंगी लग्नघरातल्या जादा पलंगासारखी होते. कुठेही ठेवा, पायात येते.

मागे दोरीने बांधून ओढत न्यावी, तर लाट वाढली की ती पाण्याने भरते, दोर तुटतो, नाहीतर मागून धावत येऊन बोटीच्याच पाठीत धडक देते. पिछाडीला लोखंडी हातांवर टांगावी, तर मागून येणारी लाट तिच्यात शिरते. डेकवर पालथी घालून बांधावी, तर पुढचे दिसत नाही आणि शिडाशी काम करणाऱ्याची वाट अडते. खाली कोठीत घालावी, तर ती फुगवण्याची आणि घडी होणारी हवी. आणि संकटाच्या वेळी ती दहा पोत्यांखाली सापडायची. यांपैकी एकही जागा पूर्ण चांगली नाही, पूर्ण वाईटही नाही. कोणत्या भीतीला आपण जास्त भितो, त्यावर माणूस जागा ठरवतो.

जुन्या शिडाच्या जहाजांवर मनुष्यबळ भरपूर, त्यामुळे होड्याही अनेक. 'बीगल'चे उदाहरण घ्या. शाळेत डार्विनचा धडा शिकवताना आम्ही मास्तर मंडळी या जहाजाचे नाव घेतो आणि पुढे जातो. त्या नव्वद फुटी जहाजात सत्तरांहून अधिक माणसे राहात होती, हे मुलांना सांगितले तर ती चटकन फळ्यावरून नजर काढून खिडकीबाहेरच्या मैदानाची लांबी मोजू लागतात. एवढ्या दाटीत कप्तान फिट्झरॉय याने अर्धा डझनाहून अधिक होड्या बसवल्या. मधोमध एक मोठी होडी आणि तिच्या पोटात दुसरी, आपल्याकडे एकात एक पातेली ठेवतात तशी. मागच्या डेकच्या वर तुळया टाकून त्यांवर दोन लांब व्हेलबोटी. आणखी दोन दोन्ही कुशींना टांगलेल्या. आणि अगदी पिछाडीला लोंबकळणारी डिंगी. तो कप्तान हौशी नव्हता. किनाऱ्याचे नकाशे काढणे हे त्याचे काम, आणि ते काम होड्यांनीच व्हायचे.

होडीची किंमत त्याला अगोदरच्या सफरीत कळली होती. 1830 सालच्या फेब्रुवारीत, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या तिएरा देल फ्वेगो बेटांत, पाहणीसाठी पाठवलेल्या तुकडीची व्हेलबोट रात्रीत चोरीला गेली. माणसे किनाऱ्यावर अडकली. त्यांनी फांद्या विणून एक टोपली केली, तिला तंबूचे कापड लावले, आतून मातीने लिंपली, आणि त्या टोपलीत बसून काही जण कसेबसे जहाजाला बातमी सांगायला आले. फिट्झरॉयने चोरांचा पाठलाग आरंभला, ओलीस धरले. होडी मिळाली नाही ती नाहीच. शेवटी चौघे फ्वेगोवासी घेऊन तो इंग्लंडला परतला. त्यांतल्या लहान मुलीचे नाव खलाशांनी 'फ्वेगिया बास्केट' ठेवले, त्या टोपलीवरून. एका तरुणाचे नाव 'बोट मेमरी', म्हणजे होडीची आठवण! तो बिचारा इंग्लंडात देवी येऊन मेला. उरलेल्या तिघांना परत पोहोचवण्याची जबाबदारी फिट्झरॉयला स्वस्थ बसू देईना, आणि 'बीगल'ची दुसरी सफर निघण्याच्या कारणांत हे एक ठळक कारण झाले. त्याच सफरीत डार्विन होता. एका चोरीच्या होडीने उत्क्रांतिवाद जन्माला घातला असे म्हणणे हा कादंबरीकाराचा अतिरेक होईल. पण त्या होडीला साखळी-कुलूप असते, तर डार्विनला ते जहाज मिळाले असते की नाही, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

आणि नियतीची चाल बघा. त्या तिघांना घरी सोडायला जात असतानाच, 13 जानेवारी 1833 रोजी, केप हॉर्नजवळ 'बीगल' भयंकर वादळात सापडली. लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि जहाज कुशीवर पडले. वाऱ्याच्या पडत्या बाजूला टांगलेली व्हेलबोट पाण्याखाली गेली आणि काठोकाठ भरली. आता ती होडी राहिली नव्हती. जहाजाला उठू न देणारे ते एक ओझे झाले होते. दोर तोडून ती समुद्राला देऊन टाकावी लागली, आणि मग डेकवरचे पाणी वाहून जाऊन जहाज उभे राहिले. टांगलेली होडी वजनाने नव्हे, तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाने मारते. दहा फुटी डिंगीत किती घागरी पाणी मावेल याचा अंदाज ज्याने एकदा केला, तो खुल्या समुद्रात ती पिछाडीला टांगून ठेवताना दहा वेळा विचार करील.

हे झाले सरकारी जहाजांचे. एकट्या माणसाने काय करावे? त्याला होडी उचलायला चार हात नाहीत. याचे उत्तर अमेरिकन नाखवा जोशुआ स्लोकम याने दिले, आणि ते इतके साधे आहे की वाचताना हसू येते. 1895 च्या एप्रिलात तो 'स्प्रे' नावाची छत्तीस-सदतीस फुटी शिडाची बोट घेऊन बॉस्टनहून एकटाच पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. 1898 च्या जूनमध्ये परत आला तेव्हा एकट्याने जगाची फेरी करणारा तो पहिला मनुष्य ठरला. वाटेत ग्लॉस्टर बंदरात त्याने टाकून दिलेली एक डोरी, म्हणजे कोळ्यांची सपाट बुडाची होडी, मिळवली. आख्खी होडी डेकवर मावेना आणि एकट्याला पेलेना. त्याने करवत घेतली, होडी मधोमध आडवी कापली आणि कापलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या. झाली डिंगी! नाकाला दोर अडकवून शिडाच्याच दोराने ती वर घ्यायची. समुद्रावर असताना तिच्यात कपडे धुवायचे, अंघोळही करायची. काटकसरी गृहिणीने जुन्या लुगड्याची गोधडी करावी, तसला हा प्रकार.

पण अर्ध्या होडीला अर्धीच स्थिरता. त्याच सालच्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्यावर 'स्प्रे' वाळूत रुतली. बोट ओढून काढायची तर नांगर दूर खोल पाण्यात नेऊन टाकायला हवा, आणि न्यायचा तो या अर्ध्या डोरीतून. नांगर आणि त्याचा जाड दोर चढवल्यावर ती काठापर्यंत बुडाली. लाटा आत येऊ लागल्या. स्लोकमने नांगर कसाबसा पाण्यात लोटला आणि त्याच क्षणी डोरी उलटली. तिची कड धरून लोंबकळताना त्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही. साता समुद्रांवर आयुष्य काढलेला तो माणूस! त्याने डोरी सरळ केली, ती पुन्हा उलटली. असे तीनदा झाले. चौथ्या खेपेला तो आत चढला आणि किनाऱ्याला लागला. पुढे थकून वाळूत पडला असताना घोड्यावरचा एक पोरगा ती होडी सापडली म्हणून ओढून न्यायच्या बेतात होता, तेही त्याने पाहिले. मला स्लोकम आवडतो तो यासाठी, की एवढे होऊनही त्याने डोरीला दोष दिला नाही. जागा नव्हती म्हणून ती अर्धी होती. अर्धी होती म्हणून ती बरोबर येऊ शकली.

होडी कापण्याऐवजी तिची घडी करता आली तर? हा विचार स्लोकमच्या अर्धे शतक आधीच एका इंग्रजाला सुचला होता. 1840 नंतरच्या दशकात, आरमारातला लेफ्टनंट पीटर हॅल्केट याने रबर चढवलेल्या कापडाचा एक झगा केला. अंगात घातला तर झगा, फुगवला तर होडी! हातातली काठी म्हणजे वल्हे आणि छत्री म्हणजे शीड. ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात फिरणाऱ्या जॉन रे याने अशी होडी वापरलीसुद्धा. आरमाराने मात्र तिची हौसेपुरती तारीफ केली. फुगवण्याच्या होडीला प्रतिष्ठा मिळायला पुढे शंभर वर्षे गेली. 1952 साली अलँ बोम्बार हा फ्रेंच डॉक्टर साडेचार मीटरच्या रबरी होडीला शीड लावून एकटा अटलांटिक ओलांडून गेला, पासष्ट दिवसांत. त्यानंतर रबरी होडीला खेळणे म्हणण्याची सोय राहिली नाही. बंदर सोडताना हवा काढायची, वळकटी बांधायची आणि कोठीत टाकायची. जागेचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

तेवढ्यात दुसरा पाहुणा दारात उभा होता, तो म्हणजे मोटर. वाऱ्यावाचून अडलेल्या मोठ्या गलबताला लहान होडीने ओढायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते अवजड गुराबांना दोर बांधून ओढीत लढाईत आणीत, आणि समोरची विलायती जहाजे शिडे लोंबकळत जागच्या जागी डुलत असत. वल्ह्यांची ती फौज एका माणसाच्या हातात देण्याचे काम अमेरिकेत झाले. कॅमेरॉन वॉटरमन याने 1905 च्या सुमारास होडीच्या पाठीला बाहेरून अडकवायची मोटर केली. पण ती घरोघर नेली नॉर्वेतून आलेल्या ओले एव्हिनरूडने. 1909 साली मिलवॉकीत त्याने विक्रीला काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची, वजन बासष्ट पौंड, किंमतही बासष्ट डॉलर! पौंडाला एक डॉलर, म्हणजे वाण्याकडच्या गुळासारखा भाव. धंद्याचा हिशेब आणि जाहिरात त्याची बायको बेस पाहात असे, आणि माझ्या मते निम्मे श्रेय तिचे आहे. आज वारा पडला तर शिडाच्या बोटीचा मालक डिंगी बोटीच्या कुशीला घट्ट बांधतो, तिची मोटर सुरू करतो, आणि पाच टनांची बोट हळूहळू बंदरात शिरते. आंग्र्यांचा तांडेल हे पाहून ओळखीचे हसला असता.

पण अठ्ठावीस किलोंचे हे लोखंड ठेवायचे कुठे? डिंगीवरच राहू द्यावे, तर डिंगी पालथी घालता येत नाही, गुंडाळता येत नाही, आणि टांगली तर तिच्या पिछाडीचे ओझे वाढते. म्हणून समुद्रावर निघण्यापूर्वी मोटर उतरवून बोटीच्या मागच्या कठड्याला लाकडी ठोकळा बसवतात आणि त्यावर ती उभी आवळतात. बोट हलते आहे, डिंगी तिच्या उलट हलते आहे, आणि मध्ये एक मनुष्य मोटर पोटाशी धरून उभा आहे. सारा खेळ त्या क्षणाचा. शहाणा मनुष्य तिला आधी दोर बांधतो आणि मगच तिचे स्क्रू सैल करतो. खारे पाणी धातू खाते, म्हणून तिच्यातून गोडे पाणी फिरवायचे. कार्बुरेटरमधले पेट्रोल जळून संपू द्यायचे. फोर-स्ट्रोक मोटर आडवी ठेवायची तर बनवणाऱ्याने सांगितलेल्या कुशीवरच ठेवायची, नाहीतर तळाचे तेल नको तिथे शिरते. बाळंतिणीची पथ्ये बरी!

हे सारे त्रास सोसता येतात. खरा शत्रू पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. आपल्या स्वयंपाकघरात गॅस गळला तर दार-खिडकी उघडून, उंबऱ्यावरून तो बाहेर काढता येतो. बोट म्हणजे बुडाला भोक नसलेले भांडे. खालच्या कोठीत डबा झिरपला तर ती वाफ तळाशी उतरून पाण्यासारखी साचून राहते. वरच्या माणसाला वासही येत नाही, आणि कुणीतरी चुलीसाठी काडी ओढतो किंवा बटण दाबतो. म्हणून पेट्रोलचा डबा डेकवर मोकळ्या हवेत, किंवा ज्याच्या तळाचे भोक थेट समुद्राकडे उघडते अशा वेगळ्या कप्प्यात ठेवायचा, हा नियम. लाकडी जहाजांच्या काळात दारूकोठाराचा जो धाक होता, तो हौशी बोटीवर या लाल डब्याने परत आणला. चोराची भीती तर जुनीच आहे. रात्री डिंगी मोटरीसकट पाण्याबाहेर उचलून बोटीच्या कुशीला टांगायची आणि साखळीने जखडायची, हा रिवाज आज अनेक बंदरांत दिसतो. फिट्झरॉयला तो पटला असता.

आता ती हकीकत, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. डूगल रॉबर्टसन हा स्कॉटिश मनुष्य, एके काळी व्यापारी जहाजांवरचा अधिकारी, पुढे गुरे पाळणारा शेतकरी. शेती-दुधात मन रमेना, म्हणून सारे विकून त्याने 'ल्यूसेट' नावाची जुनी त्रेचाळीस फुटी शिडाची बोट घेतली आणि 1971 साली बायकामुलांसह निघाला. 15 जून 1972 रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला बोटीवर सहा जण होते: नवरा, बायको, मोठा मुलगा, जुळे मुलगे आणि वाटेत सामील झालेला एक तरुण विद्यार्थी. सकाळी किलर व्हेल माशांनी खालून धडका दिल्या. तळाची फळी फुटली. मिनिटा-दोन मिनिटांत बोट गेली. हाती लागले ते दोनच: फुगवण्याचा तराफा, आणि 'एडनामेअर' नावाची नऊ फुटी, फायबरग्लासची, टणक डिंगी.

ही डिंगी खाली कोठीत नव्हती. डेकवर बांधलेली होती, आणि दोर सुरीने कापता येतील असे होते. एरवी येता-जाता पायात येणारी, पुढची नजर अडवणारी तीच गैरसोयीची जागा! रॉबर्टसनने दोर कापले, बोट खालून निघून गेली आणि डिंगी पाण्यावर राहिली. तराफ्याने सतरा दिवस साथ दिली. त्याचे रबर विरत गेले, दिवसरात्र तोंडाने हवा भरावी लागे. डिंगीला शीड लावून तिने तो तराफा ओढला. मग तराफा सोडून सहाही जण नऊ फुटांत आले. काठ आणि पाणी यांच्यात काही इंचांचे अंतर. एकाने कूस बदलायची तर बाकीच्या पाच जणांना सांगून बदलायची. पावसाचे पाणी, कासवांचे मांस आणि रक्त, मासे, यांवर ते जगले. अडतिसाव्या दिवशी, 23 जुलैला, एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. सहाच्या सहा जिवंत होते.

डिंगीबरोबर मोटर असती तर? मला नाही वाटत तिचा उपयोग झाला असता. त्या अफाट पाण्यावर पेट्रोल किती तास पुरणार? उलट तेवढे ओझे त्या काही इंचांना पेलले नसते. म्हणून डिंगी आणि मोटर वेगवेगळ्या बांधण्याच्या रीतीकडे मी कंटाळवाणी शिस्त म्हणून पाहात नाही.

आपल्याकडे हा इतिहास उशिरा सुरू झाला, पण झाला. एकट्याने, कुठेही न थांबता जगाची फेरी पहिल्यांदा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची बत्तीस फुटी 'सुहैली' मुंबईतच, सागवानात बांधली गेली होती. त्याची सफर 1968-69 ची, 312 दिवसांची. गोव्यात दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधली गेली आणि 2009-10 मध्ये तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी चार बंदरे घेत एकट्याने प्रदक्षिणा केली. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती न थांबता केली.

हेच टॉमी 2018 साली गोव्यातच 'सुहैली'च्या धर्तीवर बांधलेली 'तुरीया' घेऊन जुन्या पद्धतीच्या एका शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीचा कणा दुखावला. उठून बसवेना. 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' हे फ्रेंच गस्ती जहाज तेथे पोहोचले. पण मोठे जहाज मोडक्या, हेलकावणाऱ्या बोटीच्या अगदी जवळ आणता येत नाही. एका धडकेत दोन्हीकडचे नुकसान. 'ओसिरिस'ने आपली रबरी होडी पाण्यात सोडली. खलाशी 'तुरीया'वर चढले, टॉमींना स्ट्रेचरवर बांधले आणि त्या लाटांवर खालच्या होडीत उतरवले. मोटर सुरू झाली, होडी जहाजाकडे वळली, आणि तुटलेल्या डोलकाठीची दोरखंडे पाण्यात ओढत 'तुरीया' एकटी मागे राहिली.